चांगल्या वर्तणुकीचं पदक

काउंटरच्या लाकडावर अंगठीचे दोन ठोके पडले, टक टक, आणि पदकवाल्याच्या हातातली सुई सरळ अंगठ्यात घुसली. वर बघायच्या आधीच त्याच्या पाठीला घाम फुटला होता. तसा दुकानात येणारा प्रत्येक जण काउंटर वाजवतो. कुणी किल्लीने, कुणी नाण्याने, कुणी नुसत्या बोटांनी. गिऱ्हाईकच ते, त्याला घाई असायचीच. पण हे ठोके तसे नव्हते. पहिला जड आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ हलका, पहिल्याने कानफटात वाजवायची आणि दुसऱ्याने विचारायचं, समजलं ना? असे ठोके त्याने आयुष्यात एकाच माणसाच्या हातून ऐकले होते. तेही लाकडावर नाही, जहाजाच्या भट्टीखोलीतल्या लोखंडी नळावर, आणि त्यांच्यामागून कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत लाथ ठरलेली असायची. त्याला तीसेक वर्षं होऊन गेली. डोकं बरंच काही विसरलं, अंग नाही विसरलं. अंग मोठं हरामखोर असतं, आपल्याला न विचारता सगळं जपून ठेवतं. अंगठ्यावर रक्ताचा थेंब वर आला होता, तो त्याने चोखला आणि मग मान वर केली.

समोर एक म्हातारा उभा होता, काठीसारखा ताठ. दोन्ही डोळ्यांवर दुधाची साय धरलेली. वरचे दात मात्र पांढरेशुभ्र आणि सगळे एका उंचीचे, म्हणजे कवळी. शेजारी त्याची लेक, पन्नाशीची, हातात पिशवी, चेहऱ्यावर सकाळपासूनचा वैताग. "काका, बाबांची पदकं नव्या पट्टीवर बसवून हवीत," ती म्हणाली. "उद्या सकाळी परेड आहे आणि ह्यांना आज आठवलं, जुनी पट्टी गंजलीय म्हणून. नाही म्हणू नका हं. घरी डोकं खाल्लंय माझं." म्हातारा लगेच म्हणाला, "असतं तर खाल्लं असतं." लेकीने डोळे फिरवले. म्हाताऱ्याने खिशातून गाठ मारलेला एक मोजा काढला, गाठ दातांनी सोडली आणि काउंटरवर उपडा केला. पदकं खणखणत बाहेर पडली. त्यातलं एक घरंगळत कडेला आलं. पदकवाल्याने ते झेललं नसतं तर खाली पडलं असतं.

गोदीच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर हे दुकान होतं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे राहायची खोली. गणवेशावरचे बिल्ले शिवायचे, नव्या फिती घालायच्या, पितळी पट्टीवर पदकं रांगेने बसवून मागे पिन लावून द्यायची, एवढाच धंदा. युद्ध संपलं तेव्हा सरकारने पदकं अशी वाटली, अशी वाटली, की ज्याने जहाजावर बटाटे सोलले त्यालाही तारा आणि ज्याचे पाय गेले त्यालाही तारा. घरपोच, पुठ्ठ्याच्या डबीत. फीत तुमची तुम्ही शिवा. त्या ताऱ्यांवर नाव नाही, काही नाही, सगळे सारखे. नाव फक्त एकाच पदकावर असायचं, कडेला बारीक अक्षरांत कोरलेलं, ते म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं. पंधरा वर्षं अंगावर एकही डाग नसला की ते मिळायचं. खलाशी त्याला म्हणायचे, पंधरा वर्षं न सापडल्याचं पदक. हा विनोद पदकवाल्याने दुकानात इतक्या वेळा ऐकला होता की हसू आपोआप यायचं, शिंक यावी तसं. आता त्याच्या हातात जे झेललेलं होतं ते नेमकं तेच होतं. त्याने ते उजेडाकडे धरलं, कड फिरवली. नाव होतं. जे नाव त्याने इतक्या वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं आणि जे घरात नुसतं 'तो' म्हणून ओळखलं जायचं, ते नाव, सुबक, चांदीत कोरलेलं. कागदावर तो नौदलाचा पेटी ऑफिसर होता. भट्टीवाले त्याला मुकादम म्हणायचे.

"बसा," पदकवाला म्हणाला. आवाज आपलाच आहे की नाही याची त्याला खात्री वाटेना. "करून देतो. थांबावं लागेल."

"मग बाबा, तुम्ही इथेच बसा, मी मागच्या रस्त्यावरून तुमची औषधं घेऊन येते," लेक म्हणाली, आणि सुटका झाल्यासारखी निघूनही गेली. म्हातारा स्टुलावर बसला. काठी दोन गुडघ्यांमध्ये, हात काठीवर, अंगठी बोटात. दार बंद झाल्यावर दुकानात तिघंच उरली. तिसरी पडद्याआड होती, पदकवाल्याची बायको, उद्याच्या परेडसाठी आपला करडा कोट इस्त्री करत. इस्त्री टेबलावर आदळायची, सरकायची, पुन्हा आदळायची. बाहेर कोण बसलंय हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती इस्त्री कुठे आदळली असती ते सांगता येत नाही.

कारण 'त्या'ने ज्याला उकडून मारलं होतं, तो तिचा धाकटा भाऊ होता. भट्टीखोलीत त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. जहाजावर शिट्टी वाजवायची नसते, वारा उठतो म्हणे, पण हा गाढव फावडं मारतानाही वाजवायचा आणि मुकादमाचा मार खायचा. ओठ सुजले तरी सुजल्या ओठांनी वाजवायचा, मग ती शिट्टी न वाटता कुत्र्याच्या पिल्लाचं कण्हणं वाटायचं आणि अख्खी पाळी पोट धरून हसायची. पदकवाला तेव्हा पदकवाला नव्हता. तोही भट्टीवाला, शिट्टीच्या शेजारच्या भट्टीवर. जहाज जुनं, कोळशाचं. ताफ्यातली सगळी नवी जहाजं पुढे आणि हे मागे खोकत खोकत. भट्टीखोलीत उभं राहिलं की समोरून अंग भाजायचं आणि पाठीवरून वरच्या झडपेचा बर्फाळ वारा जायचा. भट्टीचं दार उघडायचं, लांब सळईने चिकटलेला जळका गोळा फोडायचा, ओढून पायाशी पाडायचा, त्यावर पाणी टाकायचं, वाफेत डोळे मिटून पुढचं फावडं. बाहेर युद्ध चाललंय हे खाली नुसतं ऐकू यायचं. लांब कुठेतरी पाण्यात स्फोट झाला की जहाजाचा पत्रा पोटात गुद्दा बसल्यासारखा आत यायचा आणि सगळे एक क्षण थांबायचे. थांबले की नळावर टक टक. मग लाथ. एकदा मुकादमाने एका भट्टीवाल्याचा हात भट्टीच्या उघड्या दारावर दाबून धरला होता, तो फावडं मारताना रडत होता म्हणून. कातडीचा वास आणि कोळशाचा वास वेगळा असतो हे सगळ्यांना त्या दिवशी कळलं. कुणी काही बोललं नाही. वाफेचा काटा वर होता ना, मग बोलायचं काय?

पदकवाल्याने नवी पितळी पट्टी घेतली. फीत कापायला कात्री उचलली तेव्हा ती नेहमीपेक्षा जड वाटली. लांब पात्यांची, टोकदार कात्री, आजच धार लावलेली. म्हाताऱ्याचा गळा काउंटरपासून हातभर अंतरावर होता. कातडी लोंबलेली, तिच्याखाली शीर उडत होती, दिसत होती चांगली. एकदा वाटलं, एवढंच तर आहे. कात्री आत जाईल, फिरेल, म्हातारा स्टुलावरून खाली येईल, काठी खडखडेल. किती सोपं आहे, इतकी वर्षं उगाच कठीण वाटत होतं. हे वाटलं आणि हात फीत कापत राहिला, सरळ, धागा न विसकटता. त्याला स्वतःच्या हातांचा संताप आला. नालायक हात! ज्याच्या छातीत खुपसायचं त्याच्याच छातीसाठी शिवतायत, आणि तेही नीटनेटकं.

पण त्याला नुसतं मारायचं नव्हतं. मारणं शेवटी स्वतःसाठी झालं असतं. त्याला एक वाक्य हवं होतं. लग्नाआधी, शिट्टीचे कपडे घेऊन तो त्या घरी गेला होता तेव्हा ती दारात उभी होती, आत आई पडून होती, आणि ती म्हणाली होती, "आम्हाला कळवलंय की तो कामचुकारपणा करत होता. ढोंग करून पडला होता, उठवून पाठवला तर निष्काळजीपणे काम केलं आणि भाजला. खरं आहे का?" त्याने सांगितलं, नाही, खोटं आहे, ताप होता त्याला, उलट्या होत होत्या. ती म्हणाली, "तुम्ही मित्र, तुम्ही असंच सांगणार." मग त्याने आपली बाही दाखवली, जिथून चांगल्या वर्तणुकीची फीत, पदकाआधीची पायरी, उसवून काढली होती, उसवल्याची भोकंसुद्धा अजून होती. शिट्टीला वर आणलं तेव्हा डेकवर सगळ्यांसमोर त्याने मुकादमाच्या तोंडावर ठोसा मारला होता. वरचे दात गेले. त्यासाठी कोठडी झाली, फीत गेली, आणि पंधरा वर्षांचं ते पदक कायमचं गेलं. ती भोकं ती बराच वेळ बघत राहिली होती. त्या भोकांवर तिने त्याच्याशी लग्न केलं असं म्हटलं तरी चालेल. शेजारीपाजारी, नातेवाइकांत कुणी विचारलं, तुमच्या नवऱ्याला काय पदक मिळालं हो, की ती म्हणायची, "ह्यांनी त्याचे दात पाडले." आणि मान अशी उचलायची की विचारणारा गप्प. तेव्हा त्याने तिला शब्द दिला होता, एक दिवस त्याच्याच तोंडून वदवून घेईन, की तुझा भाऊ ढोंगी नव्हता. आई वाट बघून गेली. ती अजून वाट बघत होती. कधी बोलून दाखवलं नाही, पण रोज संध्याकाळी दिवा लावताना रस्त्याकडे ज्या तऱ्हेने बघायची, त्यात ते असायचं.

आणि तिला त्याने आणखी एक गोष्ट दिली होती. शिट्टीला खाली नेलं ती वेळ. पदकवाला तेव्हा शेजारच्या फळीवर पडला होता, सलग पाळ्या करून, शुद्ध अर्धी हरपलेली. त्याला लाथांचे आवाज ऐकू आले, शिव्या ऐकू आल्या, "ऊठ ढोंग्या, ऊठ" आणि शिडीवरून फरपटत जाणारे पाय. पण त्याआधी कुणीतरी त्याच्या कपाळावर हात ठेवला होता. क्षणभर. हातात काहीतरी थंडगार होतं, त्या तापलेल्या अंगाला ते असं बरं वाटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. मग तो हात गेला. शिट्टीच असणार, जाताना निरोप घेऊन गेला, असं त्याने तिला सांगितलं होतं. ते ऐकून ती पहिल्यांदा रडली होती. त्यानंतर त्याला ताप आला की ती त्याच्या कपाळावर ओला तळहात ठेवायची आणि बराच वेळ काढायची नाही.

"कुठल्या जहाजावर होतात?" त्याने विचारलं. मोठ्याने, पडद्याआड जाईल इतकं मोठ्याने.

"ओरडतोस काय? आंधळा आहे मी, बहिरा नाही," म्हातारा म्हणाला. "खूप जहाजं झाली. युद्धात एक कोळशाचं होतं. भट्टीखोली होती माझ्याकडे. तिथली माणसं म्हणजे भुतं. नुसते डोळे आणि दात दिसायचे."

"मुकादम म्हणायचे का तुम्हाला?"

पडद्याआड इस्त्री थांबली.

म्हाताऱ्याने चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला. सायीचे डोळे कुठेतरी खांद्यापलीकडे बघत होते. "तुला कोण बोललं?"

"गोदीजवळचं दुकान आहे. ऐकू येतं काहीबाही. एक पोरगा होता म्हणे, शिट्टी नावाचा. ढोंगी, कामचुकार. भाजून मेला."

"कागदावर तसंच आहे," म्हातारा म्हणाला. काठीवरचं बोट हललं, अंगठी लाकडावर एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजायची राहिली.

कागदावर तसंच आहे! पदकवाल्याच्या कानशिलात रक्त धडाधडा वाजू लागलं. शिट्टीला दोघांनी धरून वर आणलं होतं, त्यातला एक पदकवालाच होता. काही तासांनी शुद्धीवर येऊन धावत खाली गेला होता. वाफेच्या नळाचा सांधा फुटला होता आणि शिट्टी त्याच्या समोरच कोसळलेला, उठून बाजूला व्हायची ताकद नव्हती म्हणून तिथेच शिजत पडला होता. काखेत हात घालून उचलला तर दंडाची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी हातात सुटून आली. तो जिवंत होता. ओठांचा चंबू करत होता. पाणी मागतोय असं दुसऱ्याला वाटलं, पण पदकवाल्याला माहीत होतं, तो शिट्टी वाजवायला बघत होता. डेकवर आणल्यावर हवा लागली आणि तो किंचाळला, आणि मग संपला. आणि मुकादम त्याच्याकडे बघून म्हणाला होता, "दोन नंबरच्या भट्टीवर कोण आहे आता?" एवढंच. त्या वाक्यावर ठोसा बसला होता. मूठ फुटली, दात तिच्यात रुतला, तो व्रण अजून होता, थंडीत ठणकायचा. आयुष्यात पदकवाल्याने बरंच काही केलं असेल नसेल, पण तो ठोसा त्याचा होता, पूर्ण त्याचा, त्यात कुणाची वाटणी नव्हती.

शेवटचा टाका घालून त्याने धागा दाताने तोडला. "उभे राहा," तो म्हणाला. "पट्टी छातीवर लावून बघावी लागते, वाकडी बसते नाहीतर."

म्हातारा उभा राहिला. खांदे मागे, हनुवटी वर, जणू समोर अख्खा ताफा उभा आहे. पदकवाला काउंटर ओलांडून त्याच्यापुढे आला. इतक्या जवळ तो त्याच्या पुन्हा कधी आला नव्हता, त्या ठोशानंतर. म्हाताऱ्याच्या अंगाला साबणाचा आणि औषधाचा वास होता. सदरा इस्त्रीचा, शेवटच्या गुंडीपर्यंत लावलेला. त्याने पट्टी डाव्या छातीवर धरली. जिवंत माणसाची पदकं डावीकडे. मेलेल्याची त्याच्या घरच्यांनी लावायची, ती उजवीकडे; तशी त्याची बायको दरवर्षी भावाची लावायची, करड्या कोटावर, उजवीकडे. पिन बोटाएवढी लांब होती. ती सदऱ्यात घुसली, आतल्या बनियनमध्ये घुसली, आणि तिथून तिने वळून बाहेर यायचं असतं. पदकवाल्याने ती वळवली नाही. तो दाबत राहिला. किंचित अडथळा आला, मग तो अडथळा सुटला.

म्हाताऱ्याचा श्वास आत ओढला गेला. पण तो हलला नाही. हातसुद्धा वर आला नाही.

"ढोंग करत होता तो?" पदकवाला त्याच्या कानाशी म्हणाला.

"पिन आत गेलीय," म्हातारा शांतपणे म्हणाला.

"मला माहीत आहे. ढोंग करत होता?" त्याने आणखी दाबलं. पिनेच्या टोकाला आत काहीतरी टणक लागलं, बरगडी असेल. त्याला एकदम आनंद झाला, शरम वाटावी इतका आनंद. "बोल ना, मुकादम! बोल!"

"नव्हता," म्हातारा म्हणाला. कपाळावर घाम आला होता, आवाज मात्र तसाच, पाळीचा हिशोब द्यावा तसा. "ताप होता. तवा झाला होता अंगाचा. मी स्वतः हात लावून पाहिलं होतं."

झालं. वाक्य आलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं एका दमात, साध्या आवाजात आलं आणि दुकानातल्या हवेत उभं राहिलं. पदकवाल्याने पडद्याकडे पाहिलं. पडदा हलत नव्हता, पण त्याच्या खाली तिची पावलं दिसत होती, अगदी जवळ आलेली. त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पिन काढायची, म्हाताऱ्याला हाकलायचं, संपलं. पण हाताला चटक लागली होती.

"मग पाठवलंस का? माहीत होतं तर पाठवलंस का रे, भडव्या?"

"दोघं पडले होते," म्हातारा म्हणाला. "दोन नंबर विझायला आली होती. वाफ उतरली की जहाज मागे पडणार, मागे पडलं की पाणबुडीच्या तोंडात, सगळ्यांसकट. एकाला खाली घालायचाच होता. दोघांच्या कपाळाला हात लावून पाहिलं. पापण्या उचलून पाहिल्या. शेजारचा होता त्याचे डोळे उलटे फिरलेले. त्याला शिडीवरून उतरवला असता तर खाली मुडदाच पोचला असता. शिट्टी निदान उभा राहत होता. उभा राहत होता म्हणून गेला."

"आणि निष्काळजीपणा? घरच्यांना ढोंगी म्हणून कळवलंस ते?"

"मग काय लिहू? तापाने फणफणलेल्या पोराला मी माहीत असून लाथा घालून खाली ढकलला, असं? मलाच आत टाकला असता." म्हाताऱ्याच्या घशातून एक आवाज आला, हसण्यासारखा. "आणि गंमत बघ. ज्याला वाचवला, त्यानेच माझे दात पाडले. सगळ्या जहाजासमोर. सांगणार होतो त्याला, अरे गाढवा, तुझ्याऐवजी गेला तो. तोंडात आलं होतं, रक्ताबरोबर. मग म्हटलं जाऊ दे. असू दे त्याच्याजवळ एवढं. तेवढंही काढून घेतलं तर त्याने करायचं काय पुढे?"

अंगठी. थंडगार, तापलेल्या कपाळावर. पदकवाल्याच्या कपाळावर ती पुन्हा टेकली, इतकी खरी की त्याने मान मागे घेतली. हात आला, टेकला, पापणी उचलली, आणि मग तो हात गेला, शेजारी गेला. त्या हातासाठी तो रडला होता. बायकोला सांगताना रडला होता. घरात इतकी वर्षं तो हात निरोपाचा म्हणून नांदला होता. आणि ठोसा, जो त्याचा होता, पूर्ण त्याचा, तो आता कुणाचा? त्याला जाणवलं की आपण म्हाताऱ्याला धरून उभे आहोत, पिनेने, पडू नये म्हणून. आपण की तो, हे सांगता येईना.

"काढ आता," म्हातारा म्हणाला. "आणि नीट लाव."

त्याने पिन बाहेर ओढली. सदऱ्यावर छोटा लाल ठिपका आला आणि हळूहळू रुपयाएवढा झाला. त्याने पट्टी पुन्हा लावली, यावेळी कापडातल्या कापडात, बरोबर ठिपक्यावर. पदकांमागे काही दिसेना. म्हाताऱ्याने छाती हलवून पाहिली, पदकं वाजली. "वाजतायत," तो खूश होऊन म्हणाला. "सरळ आहे ना?"

तेवढ्यात दार उघडून लेक आली, हातात औषधांची पिशवी. "वा, बाबा! नवरदेव दिसताय की! त्रास नाही ना दिला काकांना?" म्हातारा म्हणाला, "मी कुणाला कधी त्रास दिलाय?" आणि तिच्या दंडाला धरून बाहेर पडला. जाताना चौकटीवर अंगठी आपटली, एकदाच, चाचपताना लागली असेल. काचेतून दोघं रस्ता ओलांडताना दिसली. म्हातारा ताठ चालत होता. बघणाऱ्या कुणाला काय कळणार होतं!

मग जळका वास आला. कापडाचा. पदकवाल्याचं अंग आधी धावलं, फावडं, पाणी, झडप, असं काहीबाही त्याच्या हातापायांत उसळलं, आणि मग तो दुकानात आहे हे त्याला आठवलं. पडदा सारून ती बाहेर आली. हातात करडा कोट होता. उजव्या छातीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता, मधोमध काळा, तिथून धूर निघत होता. तिने तो काउंटरवर ठेवला. तिचा चेहरा कोरडा होता. तो रडका असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"शेजारचा म्हणजे तुम्ही ना," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं." त्याला आपलाच आवाज किळसवाणा वाटला, कोर्टात उभं राहिल्यासारखा. "देवाशपथ सांगतो, मला आत्ता कळलं. मी शुद्धीत नव्हतो गं."

"माहीत आहे मला."

"तो ढोंगी नव्हता, तेवढं तरी... वदवून घेतलं ना मी? ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की," ती म्हणाली. "सगळंच ऐकलं."

ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं, खण ओढल्याचा आवाज आला. तो तिथेच उभा राहिला, जिथे म्हातारा उभा होता, नेमका त्याच जागी. हे त्याच्या लक्षात आलं, पण हलता आलं नाही. मूठ ठणकत होती, ती त्याने दुसऱ्या हातात दाबून धरली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती पट्टी होती, त्याने स्वतः शिवलेली, शिट्टीची दोन पदकं असलेली. दोनच. तिसऱ्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. दरवर्षी ती पट्टी पुसायची, आणि उद्यासाठी सकाळीच पुसून ठेवली होती. पदकं चमकत होती.

"माझा कोट जळाला," ती म्हणाली. "उद्यापासून तुम्ही घालायची ही. उजवीकडे. आता तुमच्याच अंगावर शोभतील."

ती जवळ आली. तिची बोटं त्याच्या सदऱ्याच्या उजव्या बाजूवर फिरली, जागा शोधत, सुरकुती सारखी करत. घरातली, ओळखीची बोटं. मग पिन कापडातून आत गेली. बनियनमधून आत गेली. तिने वळवायची असते हे तिला त्याच्यामुळेच चांगलं ठाऊक होतं, आणि पिन वळली नाही. कातडीवर टोक टेकलं, थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पदकं सरळ आहेत का ते बघत होती. मग तिने अंगठ्याने दाबलं.

त्याच्या तोंडून आवाज निघाला. पाय मागे सरकला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

तो हलला नाही.